महालक्ष्म्यांपुढचं जहाज

माझ्या आत्याला तिचा मुलगा कुठे झोपतो ते पाहायचं होतं. बाकीचं सगळं तिनं सोसलं होतं. सहदेव कोणाला न विचारता अकोल्याला जाऊन आरमारात भरती झाला, तेही सोसलं. लढाई संपेपर्यंत तो घरी येणार नाही, तेही. त्याची कार्डं येत, पण सरकार त्यांत काही लिहू देत नसे. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, जहाज चांगलं आहे. एवढंच.

"जहाज चांगलं हाय म्हंजे काय?" आत्या मला विचारायची. "घर चांगलं हाय म्हटलं तं समजते. भित आली, चूल आली, खाट टाकाले जागा आली. जहाजात काय येते? तो झोपते कुठं?"

मी त्या वर्षी नागपूरहून बी.एस्सी. होऊन वलगावला घरी बसलो होतो. अमरावतीच्या एका शाळेत मास्तरकी मिळेल असं वाटत होतं, पण बोलावणं यायचं होतं. आमच्या मळ्यातल्या टिकतील अशा भाज्या, म्हणजे सुरण, भोपळा, पडवळ, आईनं पोत्यात भरून दिल्या आणि मला महालक्ष्म्यांच्या आधी आत्याकडे पाठवलं. आत्याचं गाव अकोटहून पूर्णेकडे जाताना लागतं. तिकडच्या विहिरींचं पाणी खारं. त्यावर मळा होत नाही, आणि महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला तर सोळा भाज्या लागतात. म्हणून दर भाद्रपदात आमच्या घरून पोतं जाई. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. ती चढावर थांबे, उतारू खाली उतरत आणि ढकलत.

पोतं खाली ठेवून मी घटाघटा पाणी प्यालो, तेवढ्यात आत्यानं विषय काढला.

"तू सायन्स शिकला ना?"

"हो."

"मंग यंदा महालक्ष्म्यांपुढं तू जहाज कर."

"आत्या, मी अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही."

"कोनं पाह्यला हाय इथं? गेल्या साली याइनं ताजमहाल केला. याइनं कधी ताजमहाल पाह्यला होता?"

आतोबा, म्हणजे किसनराव, ओसरीवर सुतळी वळत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "तो ताजमहाल नोता व. तो जिनिंगचा बंगला होता. लोकाईनंच ताजमहाल म्हटलं, मी गप बसलो."

मी हसलो. आत्या हसली नाही. ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिला काय हवं ते तिनं नीट सांगितलं. महालक्ष्म्या घरात येतात तेव्हा त्यांना तसंच नेऊन बसवत नाहीत. आधी सगळं घर दाखवतात. ही कोठी, हा गोठा, ही चूल, इथे मालक झोपतात, इथे सून, इथे लेकरं. एकदा त्यांनी जागा पाहिली की त्या जागेकडे वर्षभर त्यांचं लक्ष राहतं. सहदेव जन्मल्यापासून दर वर्षी आत्यानं त्यांना त्याची झोपायची जागा दाखवली होती. आधी पाळणा, मग आपल्या शेजारची घोंगडी, मग ओसरीवरची खाट.

"यंदा काय दाखवू? रिकामी खाट?" ती म्हणाली. "थे तं खोटं होते. तो तिथं झोपतच नाही. जहाज कर, अन् असं कर का आतमंदलं दिसलं पाह्यजे. त्याइची एक डाव नजर पडली का मंग मले धाक नाही."

आतून दिसणारं जहाज करणं तसं अवघड नव्हतं. पुस्तकात इंजिनाचा छेद काढतात, उभं कापून अर्धा भाग बाजूला केल्यासारखा. तसं जहाज उभं कापायचं. एक बाजू पुरी बंद, दुसरी उघडी. पण बाहेरून जहाज दिसतं कसं, हे तरी कळायला हवं होतं. अकोल्याला मोटारीच्या अड्ड्याजवळ भरतीची कचेरी होती आणि तिच्या भिंतीवर आरमाराचं रंगीत चित्र लावलेलं मी येताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी परत अकोल्याला गेलो.

चित्राची लांबी माझ्या चार विती भरली. धुराडं पाऊण वीत, डोलकाठी दीड. जहाजाचा रंग राखाडी, पण पाण्याला टेकलेला खालचा पट्टा तांबडा. मी भिंतीला वीत लावून कागदावर उतरवत होतो, तेव्हा कचेरीतले कारकून बाहेर आले.

"उंची किती?" त्यांनी विचारलं.

"दीड वीत," मी म्हणालो.

"डोलकाठीची नाही हो, तुमची!"

मला सुटून यायला बराच वेळ लागला. त्यांनी चहा पाजला, फळाफुलांचं वर्णन करावं तसं पगाराचं वर्णन केलं, आणि शेवटी मी नुसतं चित्र उतरवायला आलो आहे हे पटल्यावर ते इतके हिरमुसले की मलाच वाईट वाटलं.

पुठ्ठा मिळणं कठीण होतं. लढाईमुळे कागद महाग आणि पुठ्ठा त्याहून. अकोटच्या एका कापडवाल्याकडे ठाणांच्या आत घातलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या. आत्याचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं दिल्या. सांगाड्यासाठी तुरीच्या वाळक्या तुराट्या आणि बांबूच्या कमट्या घरच्याच होत्या. सुतळी आतोबांनी वळलेली. धुराड्याला पावडरीचा डबा, यंत्राच्या चाकांना रिकामी रिळं, कप्प्यांना काडेपेट्या.

खळ आत्यानं शिजवली. कणीक, पाणी, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पुठ्ठ्याच्या पट्ट्या अरुंद होत्या आणि मला जहाजाचं अंग सलग, गुळगुळीत हवं होतं. म्हणून मी पट्टीवर पट्टी, थरावर थर चढवत गेलो. दर थराला खळ. आत्या पातेल्यावर पातेलं शिजवून देत होती.

"येवढी खय तं आमच्या लग्नाच्या मांडवालेबी लागली नोती," आतोबा म्हणाले.

अंग वाळलं. चुन्यात काजळी कालवून मी ते राखाडी रंगवलं, आणि खालचा पट्टा गेरूनं. चित्रातल्यासारखं दिसू लागलं. पण उघड्या बाजूला, आत, काय ठेवायचं? यंत्र खाली असणार, कारण जड वस्तू खाली असली तर जहाज कलंडत नाही. त्याच्या वर माणसं. ती माणसं राहतात कशी, ते माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आत्यानं पंजाबरावांना बोलावणं पाठवलं.

पंजाबराव त्याच गावचे. पहिल्या लढाईत ते खेचरं घेऊन जहाजानं बसऱ्याला गेले होते. पन्नाशीचा उंच माणूस, डोक्याला भला मोठा फेटा. ते आले, जहाजाभोवती फिरले आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले.

"पंजाबरावभौ, तुमी जहाजात बसेल हा," आत्या म्हणाली. "सांगा बरं या पोराले, कसं असते."

"हालते," पंजाबराव म्हणाले.

"आणखी?" मी विचारलं.

"लय हालते."

"अजी पण आतमंदी काय काय असते?" आत्या म्हणाली.

"माय, मी जहाज आतूनच पाह्यलं. भाईरून पाह्याचं ध्यानच नाही राह्यलं. खाली खेचरं, खेचराईच्या वर आमी, आमच्या वर साहेब. मी अन् माही बालटी, येवढंच मले याद हाय. खेचर ओकत नाही, हे पाह्यलं मी. माणूस ओकते. खेचर नुसतं आपल्याकडं पाह्यते."

ही गोष्ट मी पुढे पुस्तकात तपासली. खरी आहे. घोड्याच्या जातीला ओकारी होत नाही.

"मंग आत एक बालटी ठेवजो बाबू," पंजाबराव मला म्हणाले. "तिच्याबगर जहाज पुरं होत नाही."

"अन् खलाशी?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "खलाशी कुठं झोपत होते?"

पंजाबरावांनी फेटा मागे सारला. "खलाशी झोयीत झोपत. वर लोखंडी आकडे असत. दोन आकड्याइले दोन दोऱ्या, मंदात कापड. रातच्याले बांधाची, सकायी गुंडायून ठेवाची. आमी खाली फळीवर लोळत होतो इकून तिकडं, अन् थे पोट्टे मस्त झोपत. जहाज कले पण झोयी काही कले ना."

"असं कसं?" आतोबा म्हणाले. "जहाज कललं म्हंजे झोयी कललीच पाह्यजे."

मी तांब्याला सुतळी बांधली, पाटाला लावलेल्या खिळ्याला तो टांगला आणि पाट एकीकडे तिरपा केला. पाट कलला, तांब्या सरळ खाली लोंबत राहिला. दुसरीकडे केला, तरी तसाच. आतोबांनी पाट माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चार वेळा करून पाहिलं.

आत्या मात्र तांब्याकडे पाहत नव्हती. ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याची चिंधी होती.

"वावरात कापूस वेचाले जात होती मी," ती म्हणाली, "तवा याले बाभयीले झोयी बांधून त्याच्यात टाकत होती. वाऱ्यानं आपली आपून हाले. कधी रडला नाही." चिंधीच्या दोन्ही टोकांना ती दोरा घालू लागली. "येवढी बस झाली का रे? का मोठी पाह्यजे?"

बोटाएवढी झोळी झाली. वरच्या मजल्यावर तारेचे दोन आकडे करून मी ती टांगली. तिच्या खाली, पंजाबरावांच्या समाधानासाठी, सुपारीच्या अर्ध्या टरफलाची बादली.

समुद्रावरून थोडं भांडण झालं. मी धोतराला निळीचं पाणी देऊन ते चौरंगावर अंथरणार होतो. आतोबांना ते पटेना. पूर्णेला पूर येतो तेव्हा पाणी काळ्या मातीचं असतं, आणि पुराहून मोठं पाणी म्हणजे समुद्र, तर तो निळा होईलच कसा? "निवय पाणी निळं दिसते," ते म्हणाले, "उसयलं म्हंजे कायं होते." पंजाबरावांना विचारलं तर ते म्हणाले, बालटीतलं सांगू का? शेवटी धोतर निळंच राहिलं, पण कडेला एक काळपट लाट आतोबांनी काढली.

जहाज उन्हात ठेवलं होतं. दोन दिवसांत राखाडी रंगावर पांढरे डाग उमटले, खाली गेरूवरही. मला वाटलं, रंगातला चुना वर आला. पंजाबराव म्हणाले, खरं जहाज असंच दिसत असेल. म्हणून मी ते पुसले नाहीत.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही. नुसतं दाट, ओलसर आभाळ. गोठ्यातलं गवत हाताला ओलं लागत होतं. महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी मी चौरंग मांडायला गेलो तेव्हा जहाजाचं नाक खाली झुकलेलं दिसलं. बोटानं दाबलं तर बोट आत गेलं. उघड्या बाजूकडे सगळं अंग कललं होतं, धुराडं तिरपं झालं होतं. पांढरे डाग मात्र कुठेच नव्हते. त्यांच्या जागी ओल.

मी सावरायला हात घातला आणि मागून ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. आत्या उभी होती.

"बुडून राह्यलं," ती म्हणाली.

"आत्या, हे हवेनं झालं..."

"दोन दिस कडक उभं होतं. आजच बुडालं. महालक्ष्म्या याच्या त्याच दिवशी." तिनं भिंतीला हात टेकला. "किसन्याच्या... अजी, ऐकलं का! हे इथून उचला. मी नाही दाखवत त्याइले. रिकामी खाट दाखवीन."

तिनं नवऱ्याचं नाव जवळजवळ घेतलं, यावरून तिची स्थिती मला कळली. आतोबा दारात आले आणि जहाजाकडे पाहून परत बाहेर गेले.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. डाग गेले कुठे? चुना ओल्या हवेत नाहीसा होत नाही. उन्हात पांढरा दिसतो आणि दमट हवेत विरघळून पाणी होतो, असा पदार्थ घरोघरी एकच असतो. पावसाळ्यात त्याची बरणी फडक्यानं बांधून ठेवतात. मी खाली वाकलो आणि जहाजाच्या पोटाला जीभ लावली.

"काय करून राह्यला हा?" पंजाबराव दारातून ओरडले. ते जहाज पाहायलाच आले होते. "भुका हाय का?"

"खारट आहे," मी म्हणालो.

"खारट?" ते आले, फेटा सावरत वाकले आणि त्यांनीही चाटलं. जीभ टाळूला लावून विचार केला. "हे समुद्राचं नाही. समुद्राचं कडू लागते, मी पेलो हाय, चुकून. हे आपल्या विहिरीचं."

तेव्हा मला पाण्याच्या जागा दिसल्या. इतके दिवस डोळ्यांसमोर होत्या. आत्याच्या घरात दारामागे दोन रांजण. मोठा खाऱ्या पाण्याचा, विहिरीचा. धुणं, भांडी, सडा, बैल, सगळं त्यावर. लहान रांजण गोड पाण्याचा. ते पाणी दोन कोसांवरून बैलगाडीवर पिंपात भरून येतं. पिण्याला आणि डाळ शिजवण्याला तेवढं वापरतात, कारण खाऱ्या पाण्यात डाळ शिजतच नाही. त्या घरातला कोणाचाही हात चुकून गोड्या रांजणाकडे जात नाही. खळ करायची म्हणजे हात मोठ्या रांजणाकडे जाणार. आत्याचा गेला. दर वर्षी जात असे. पण दर वर्षी आराशीला कागद चिकटवण्यापुरती वाटीभर खळ लागे. या वर्षी मी थर चढवत पातेल्यांवर पातेली ओतली होती, आणि शिजताना पाणी आटून मीठ दाट झालं होतं. आभाळ आलं तसं त्या मिठानं हवेतलं पाणी ओढलं आणि जहाज आतून भिजलं.

मी हे आत्याला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

"म्हंजे माह्या हातानं झालं," ती म्हणाली.

"हातानं नाही. विहिरीनं," मी म्हणालो. "चाटून पाहा."

"देवापुढचं मी उष्टं करू?"

"हे आता देवापुढचं कुठं राह्यलं, माय?" पंजाबराव म्हणाले. "दोघाइनं तं चाटलं."

आत्या वळली. बोट जहाजाच्या नाकाला लावून तिनं ते जिभेवर टेकवलं. खारं पाणी तिला ओळखीचं होतं. त्याच पाण्यानं तिनं लग्न झाल्यापासून भांडी घासली होती. तिच्या कपाळाची आठी मोकळी झालेली मी पाहिली.

"आपल्याच घरचं हाय," ती म्हणाली. आणि मग, "गोड पाण्याच्या खयीनं केलं तं उभं राह्यते?"

"राहील."

"पक्कं? उद्याचं जेवन होयेपर्यंत?"

"पक्कं."

ती दारामागे गेली. लहान रांजण झाकला होता आणि झाकणावर फूल ठेवलं होतं. ते पाणी नैवेद्याच्या पुरणाचं आणि आंबिलीचं, त्याला हात लावायचा नाही. शेजारी प्यायच्या पाण्याची घागर अर्धी होती. गाडी आदल्या दिवशी नाल्याच्या चिखलात रुतून रिकामी परत आली होती, म्हणजे तेवढंच पाणी. आत्यानं घागर उचलून पातेल्यात ओतली.

"अन् आमी काय प्याव?" आतोबा ओसरीवरून म्हणाले.

"बैलं पेतात थे."

"मले बैलात काढलं व!"

"एक दिस काढला तं काही होत नाही."

मी ओला पुठ्ठा सोलून काढला. तुराट्यांचा सांगाडा ठणठणीत होता, आतली रिळं आणि काडेपेट्याही. पण नवा पुठ्ठा कुठून आणायचा? अकोटला जाऊन यायला वेळ नव्हता. त्या पुठ्ठ्यातलं मीठ काही केल्या निघालं नसतं. मी तुराट्यांकडे पाहत बसलो होतो, तेव्हा आतोबा आतून आले आणि त्यांनी माझ्यासमोर पुठ्ठ्यांचा ढीग ठेवला. पुस्तकांचे पुठ्ठे होते. सहदेवाच्या शाळेतल्या पुस्तकांचे. आतली पानं त्यांनी दोऱ्यानं बांधून वेगळी ठेवली होती.

"पानं हाय," ते म्हणाले. "वाचाले पुठ्ठा लागत नाही."

त्या लहान पुठ्ठ्यांचं सलग अंग होणार नव्हतं. म्हणून मी ते एकावर एक थोडे चढवत, कौलं घालावीत तसे लावत गेलो. एकच थर, खळ फक्त कडांना. अर्ध्यावर आल्यावर मला चित्रातली एक गोष्ट आठवली, जी मी वीत लावताना पाहूनही सोडून दिली होती. खऱ्या जहाजाचं अंग गुळगुळीत नव्हतं. पत्र्यावर पत्रा चढवून खिळे मारलेले होते. आताचं जहाज पहिल्यापेक्षा खरं होतं.

थोडं गोड पाणी राखलं होतं, त्यात रंग कालवून मी ते पुन्हा रंगवलं. आत्यानं शेगडीत निखारे आणून दिले. मी जहाज वरून धरून शेकत होतो. पंजाबराव पंखा हलवत होते आणि सूचना करत होते. आत्यानं सगळ्यांना चहा दिला. पंजाबरावांनी घोट घेतला आणि आत्याकडे पाहिलं.

"सत्यभामाबाई, साखर समजून मीठ टाकलं का?"

"गोड पाणी जहाजाले गेलं भौ. प्या मुकाट्यानं."

"पेतो ना." त्यांनी डोळे मिटून आणखी एक घोट घेतला. "बसऱ्याले जाताना असाच भेटत होता. आता मले खरंच जहाजात बसल्यासारखं वाटून राह्यलं. बालटी जवळ ठेवजा."

आतोबांनी आपला चहा हळूच बैलाच्या गव्हाणीत ओतला. बैलानं तो हुंगला आणि सोडून दिला.

दिवे लागायच्या आधी जहाज चौरंगावर उभं राहिलं. नाक सरळ, धुराडं सरळ, धुराड्यातून कापसाचा धूर मागे जाणारा. उघडी बाजू मी लोकांकडे केली होती, कारण आरास पाहायला येणाऱ्या बायांना आतलं दिसायला हवं होतं. यंत्राची रिळं, शिडी, आकडे, झोळी. मी अंगणात जाऊन दारातून दिसतं कसं ते पाहिलं. चांगलं दिसत होतं.

आत्या तुळशीपासून ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन निघाली, शेजारची कौशल्या कनिष्ठेचा. कुंकवाच्या पावलांवरून त्या आत आल्या. आत्या एकेक जागा दाखवत होती आणि कौशल्या तिच्यामागे म्हणत होती. ही कोठी, भरलेली राहू द्या. हा गोठा. ही चूल. इथं मालक झोपतात. ओसरीवरच्या रिकाम्या खाटेजवळून आत्या न थांबता पुढे गेली.

चौरंगापाशी ती थांबली. मुखवटा एका हातात सांभाळून दुसऱ्या हातानं तिनं जहाज धरलं आणि वळवलं. उघडी बाजू भिंतीकडे, जिथे महालक्ष्म्या बसायच्या होत्या तिकडे गेली. लोकांकडे आली ती राखाडी, बंद बाजू.

"आत्या," मी म्हणालो, "आता कोणाला काहीच दिसणार नाही."

"लोकाईले काय कराचं हाय?" ती म्हणाली. मग तिनं मुखवटा झोळीसमोर धरला. तिचा आवाज घरात आतापर्यंत होता तसाच राहिला, कोठी दाखवताना होता तसा. "इथं सहदेव झोपते."

कौशल्या तिच्यामागे म्हणाली, "इथं सहदेव झोपते."

दोघींनी मुखवटे भिंतीपाशी लुगडी नेसवून उभ्या केलेल्या पत्र्याच्या कोठ्यांवर बसवले.

दुसऱ्या दिवशी पुरण शिजलं, सोळा भाज्यांची एक भाजी झाली, आंबील झाली. आभाळ तसंच होतं. मी दर थोड्या वेळानं जाऊन जहाजाला बोट लावून पाहत होतो. अंग कडक होतं. पंगती उठल्या. पंजाबराव तीन वेळा जेवायला बसले असं आतोबांचं म्हणणं. पंजाबरावांच्या मते दोनदा.

दुपारी गावातल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. आतोबा उठून दारात उभे राहिले आणि तोंडावर बोट ठेवून त्यांना बाहेरच थांबवू लागले. मी आत डोकावलो. आत्या चौरंगाच्या मागे, महालक्ष्म्यांच्या शेजारी, जहाजाच्या उघड्या बाजूकडे तोंड करून बसली होती. हातात सोललेल्या सुपाऱ्यांची वाटी होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड थोडं उघडं. ती गाढ झोपली होती.

"काहून हो किसनरावभाऊजी," एक बाई कुजबुजली, "आमी का उभ्याच राव?"

"बसा ना वट्ट्यावर," आतोबा तितक्याच हळू म्हणाले. "घाई कायची हाय? कुंकू काही वाळत नाही."

बाया ओट्यावर बसल्या. कौशल्यानं त्यांना पाणी विचारलं आणि मग आतोबांकडे पाहून, खारं आहे, असं सांगितलं.